फळ्यांखालची सळई

टिक्.

बशीला चमचा लागावा तेवढाच आवाज. बार्नी दूध पिता पिता माझ्या कुशीत नुकताच झोपला होता. पलंगावर पलीकडे हेटी अंगभर गुलाबी औषध फासून, कांजिण्यांचे फोड मोजता मोजता सव्वीसला अडकली आणि तशीच पेंगली होती. दुपारचा दीड वाजला होता. मार्चमध्ये असा कोरडा, वारा पडलेला दिवस आमच्या नॉरफोकात क्वचित मिळतो. बाहेर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. त्या शांततेत वरच्या माळ्यावरून तो आवाज आला.

काच तडकली होती.

मी श्वास धरून वाट पाहिली. पुन्हा काही नाही. बार्नीचे ओठ झोपेतच दोनदा हलले, चोखल्यासारखे.

ती काच मिस्टर क्रॅस्कनी लावली होती, ऑक्टोबरात. घराच्या टोकाच्या भिंतीला आतून भेग दिसली म्हणून आम्ही त्यांना बोलावलं होतं. गावातले जुने गवंडी ते. सत्तरी उलटलेली, गुडघा एक धड, टोपी मात्र कायम सरळ. "भिंतीला विचारून उपयोग नसतो," ते म्हणाले होते, "ती लपवते. काचेला विचारायचं." भेगेवर आडव्या दोन काचपट्ट्या, बोटाएवढ्या. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्याने कोरलेली तारीख. भिंत केसभर हलली तरी काच ताणली जात नाही, तडकते. खालची पट्टी जानेवारीतच गेली होती. थंडीने गेली असेल, असं मी आणि टोबी एकमेकांना म्हणालो. म्हणताना एकमेकांकडे पाहिलं मात्र नाही.

बार्नीला तसाच खांद्यावर टाकून मी जिना चढले.

माळ्यावरची खोली हेटीची. म्हणजे होती. भिंतीवर तिने चिकटवलेले चांदण्यांचे कागद तसेच होते, पलंगाची जागा रिकामी. वरची काचपट्टी मधोमध तुटली होती आणि तिच्या दोन तुकड्यांत माझं नख जाईल एवढी फट होती. मी नख घालून पाहिलं, आणि का पाहिलं असं झालं.

मग मी खिडकीतून खाली वाकले. तीन मजले खाली, भिंतीच्या अगदी बुडाशी, मातीच्या ढिगाशेजारी मिस्टर क्रॅस्कची टोपी हलत होती. ते खड्ड्यात होते. आमची सगळी भिंत त्यांच्या डोक्यावर उभी होती.

हे घर साडेतीनशे वर्षांचं आहे. हाताने थापलेल्या बारीक विटा, एक थर आडवा, एक थर डोकी पुढे काढून. भट्टीत जास्त भाजून निळ्या पडलेल्या विटा मधूनमधून बसवून पत्त्यांतल्या चौकटीसारखी नक्षी केलेली. टोकाची भिंत वर जाताना दोन्ही बाजूंनी वेलांटीसारखी वळते आणि शेंड्याला एकाच विटेची चोच राहते. दाराजवळ, हेटीच्या कमरेच्या उंचीवर, एका विटेत कुत्र्याचा पंजा उमटलाय. वीट वाळत घातली असताना त्या वेळचं कोणाचं तरी कुत्रं तिच्यावरून चालत गेलं. हेटी शाळेत जाताना रोज त्या पंजात चार बोटं ठेवते आणि म्हणते, "मी येते हं."

त्या पंजासाठीच आम्ही हे घर घेतलं असं टोबी लोकांना सांगतो. घर कौन्सिलच्या, जतन करायच्या जुन्या घरांच्या यादीत आहे हे घेताना माहीत होतं. यादीतल्या घराची कडी बदलायची तरी पत्र लिहावं लागतं, आणि पत्राला उत्तर येईपर्यंत कडी गंजून पडते. म्हणून इथे सगळेच जण काही कामं शनिवार-रविवारी, रेडिओ मोठ्याने लावून, स्वतःच उरकतात. आम्हीही उरकलं.

माळ्यावरच्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंचीवरून दोन लोखंडी सळया जायच्या, टोकाच्या भिंतीपासून थेट मधल्या मोठ्या धुराड्यापर्यंत. अंगठ्याएवढ्या जाड, काळ्या. कशासाठी, हे आम्हाला कळलं नव्हतं. पूर्वी कपडे वाळत घालत असतील, असं टोबी म्हणाला होता आणि मी हसले होते. वीतभर उंचीवर कोणाचे कपडे, बाहुल्यांचे? हेटी चार वर्षांची असताना त्यांतल्या एकीला अडखळून पडली. हनुवटी फाटली. तीन टाके. दवाखान्यातून येताना ती मागच्या सीटवर हुंदके देत झोपली होती आणि मी पुढे बसून टोबीला म्हणाले, "ती सळई मला उद्या त्या खोलीत दिसता कामा नये."

मी म्हणाले. हे मला कधी विसरता आलेलं नाही.

टोबीने ग्राइंडर आणला. मी व्हॅक्यूमची नळी धरून ठिणग्यांची राख ओढत होते. एक कापल्यावर दुसरी एकटी वाईट दिसेल म्हणून तीही कापली. भिंतीजवळचे टीचभर तुकडे उरले. त्यांच्यावरून आम्ही नवीन फळ्या टाकल्या. खोली इतकी सुंदर दिसायला लागली की हेटी पहिल्या दिवशी चपला दाराबाहेर काढून आत गेली.

ऑक्टोबरात मिस्टर क्रॅस्कनी मला बाहेर उभं केलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. उंचावर, नक्षीच्या दोन्ही अंगांना, एस अक्षराच्या वळणाचे दोन लोखंडी तुकडे आहेत, बाळाएवढे लांब. मला ते नेहमी शोभेचे वाटायचे. "हे दोघे धरून आहेत तिला," ते म्हणाले. "बाहेर एस, आतून सळई, पलीकडे धुराडं. नाहीतर ही बया केव्हाच बाहेर पडली असती, बागेत." मग आम्ही वर गेलो. त्यांनी टाचेने फळीवर ठोकलं. "सळया खाली घातल्यात ना फळ्यांच्या? बरं केलंत. लोक अडखळतात."

त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मी म्हणाले, "हं."

एवढंच. एक हुंकार. त्यांनी मान हलवली आणि खिळ्याने तारीख कोरली.

त्या संध्याकाळी मी हेटीचा पलंग खाली आमच्या खोलीत आणला. "वर फार थंड पडतं गं राणी, खाली ये." ती उशी आणि ससा घेऊन नाचत आली. टोबी शाळेतून आल्यावर त्याला सांगितलं. यादीतल्या घराचं असं काही तोडणं म्हणजे नुसता दंड नाही, गुन्हा. नावावर गुन्हा असलेल्या शिक्षकाला शाळा ठेवते का? "ईस्टरच्या सुट्टीत मी नव्या सळया बसवतो," तो म्हणाला. "कोणाला कळायचं नाही. तोपर्यंत हेटी खाली झोपेल." नव्या सळया गॅरेजमध्ये येऊनही पडल्या. ईस्टरला आता दोनच आठवडे राहिले होते.

पण मिस्टर क्रॅस्क ईस्टरपर्यंत थांबायला तयार नव्हते. "जमीन आता कोरडी आहे. भिंतीला कॅलेंडर वाचता येत नाही, पोरी." त्यांचा हिशेब सरळ होता. डोकं बांधलेलं आहे, म्हणजे दुखणं पायात. भिंतीच्या बुडाची भुसभुशीत माती हातभर हातभर काढायची, तिथे पक्क्या विटा भरायच्या, मग पुढचा हात. मंगळवारी सुरू केलं. आज गुरुवार, तिसरा खड्डा.

मी खाली आले. बार्नी खांद्यावर जागा झाला होता आणि माझा कान ओढत होता.

"मिस्टर क्रॅस्क! वरची काच गेली."

टोपी वर झाली. खाली चुन्याने पांढरा झालेला चेहरा. "कधी?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली."

"आणि पाच मिनिटं काय केलंस? केस विंचरलेस?"

ते बाहेर यायला वेळ लागतो. आधी धड गुडघा, मग दुसरा, मग एक शिवी, ती मुलांसाठी अर्धीच. माळ्यावर त्यांनी चष्मा लावला, खिशातून पातळ पत्र्यांचा जुडगा काढला आणि काचेच्या फटीत एकेक पत्रा सरकवून पाहिला. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. नखांत चुना, सांध्यांवर भेगा, आणि तरी पत्रा इतक्या हलक्या हाताने धरलेला की जणू काचेला दुखेल.

"दीड मिलिमीटर," ते म्हणाले. "म्हातारी चालायला लागली." मग त्यांनी ऑक्टोबरसारखीच टाच फळीवर ठोकली. ठक. ठक. "पण सळया धडधाकट आहेत ना खाली? गंज वगैरे?"

ही दुसरी वेळ होती. तोंड उघडायला फक्त एवढंच अंतर होतं. बार्नी कुरकुरला आणि मी खिशातली चोखणी काढून त्याच्या तोंडात सारली, नीट बसवली, पुन्हा नीट बसवली. मिस्टर क्रॅस्कना तेवढं उत्तर पुरलं.

"मग झालं. डोकं धरलेलं आहे, पाय सुटतोय. म्हणूनच लगेच खाली जायला हवं."

"आज राहू द्या ना," मी म्हणाले. "उद्या करा. काच तुटली म्हणजे... तुम्हीच म्हणाला होतात, काच तुटली की बाहेर पडायचं."

"तुम्ही बाहेर पडायचं. मुलांना घेऊन त्या नाशपातीखाली बस, हवा चांगली आहे. मी भिंतीखाली उघडा खड्डा ठेवून घरी गेलो तर माझा बाप थडग्यातून उठून थापी फेकून मारेल. पाय सुटलेला असताना तर नाहीच. अर्धा तास. तीन थर विटा, वर दगडाची पाचर ठोकली की ती बसली."

दारात हेटी उभी होती, झोपेने केस एका बाजूला गेलेले. "मिस्टर क्रॅस्क, मला अठ्ठावीस झाले."

"काय, वर्षं?"

"फोड!"

"मग लांब राहा बाई. मला अजून दुसरं लग्न करायचंय."

"तुम्हाला येऊन गेल्यात. तुम्ही मंगळवारी सांगितलंत."

"तुझी आजी जन्माला यायच्या आधी. पण बायकांना डाग आवडत नाहीत." ते तिच्या बाजूने जिना उतरले. उतरताना तिच्या डोक्यावर टपली मारली. "आणि तुला सुट्टी कोणी दिली, गवंडीणबाई? काल खड्ड्याबाहेर रचताना दोन विटा उलट्या लावल्यात."

मी हेटीला घराच्या दुसऱ्या टोकाच्या स्वयंपाकघरात बसवलं, बार्नीला उंच खुर्चीत अडकवलं, आणि शाळेच्या ऑफिसात फोन लावला. टोबी धावत आला असावा, त्याचा श्वास ऐकू येत होता.

"काय झालं? हेटीला ताप?"

"वरची काच तडकली."

मागे कोणीतरी मुलांना ओळीत उभं करत होतं. "तो कुठेय?"

"खड्ड्यात."

"घरी पाठव त्याला."

"पाठवून पाहिलं. जात नाही. उघडा खड्डा टाकून जाणार नाही म्हणतो. टोबी, दीड मिलिमीटर आहे. आणि त्याने पुन्हा विचारलं. सळयांचं."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"बरं. बरं. ब्रायनी, ऐक. ती साडेतीनशे वर्षं उभी आहे."

"बांधलेली होती तोवर."

त्याने आवाज खाली आणला. "तू सांगितलंस की तो उद्या सकाळी कौन्सिलला सांगणार. क्रॅस्क आहे तो. सख्ख्या भावाला सोडलं नाही त्याने, जुन्या घराला चुन्याऐवजी सिमेंट वापरलं म्हणून. मी चारला घरी येतो. मी कापल्या, मीच सांगेन. शपथ. फक्त चारपर्यंत."

"अर्धा तास लागेल म्हणालाय तो."

"मग तर झालंच की! अर्ध्या तासात तो बाहेर. चारला मी सांगतो. सगळं नीट होईल."

किती सोपं वाटलं ते. घड्याळात दोन वाजत होते. अर्धा तास म्हणजे काय, बार्नीची एक झोप, टोस्टचे दोन तुकडे. मी म्हणाले, "बरं."

फोन ठेवला आणि किटली लावली. मिस्टर क्रॅस्कसाठी चहा. मंगळवारपासून दोन वाजता मी त्यांना चहा नेत होते. ते खड्ड्यातच पालथ्या बादलीवर बसून प्यायचे, कारण चढउतार गुडघ्याला नको. मी त्यांचा मग काढला, साखर दोन चमचे. आल्याच्या बिस्किटांचा डबा घ्यायला वळले.

डबा उघडा होता. झाकण जमिनीवर.

मागचं दार अर्धवट लोटलेलं. पायपुसण्यावर टोबीचे गमबूट होते, माझे होते. मधले छोटे पिवळे नव्हते.

मी बार्नीला खुर्चीतून कसं काढलं ते मला आठवत नाही. त्याचा एक मोजा वाटेत पडला, तेवढं आठवतं. घराला वळसा घालून टोकाच्या भिंतीकडे आले तेव्हा खड्ड्यातून दोन आवाज येत होते.

"आता डोकं पुढे."

"विटेला डोकं असतं?"

"तुझ्यापेक्षा बरं असतं. ती सांगितलेल्या जागी बसते."

हेटी पायजमा आणि पिवळे बूट घालून खड्ड्याच्या तळाशी उभी होती. दोन्ही हातांत एक वीट, पोटाशी धरलेली, बार्नीला धरते तशी. तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर भिंतीचं बूड होतं. त्याच्यावर सगळ्या विटा, आडव्या, उभ्या, निळ्या. त्यांच्यावर दोन लोखंडी एस. मागून कशालाच न बांधलेले.

"हेटी, वर ये."

"मी काम करतेय."

"आत्ताच्या आत्ता वर ये!"

मिस्टर क्रॅस्कनी वर न पाहताच थापीने चुना ओढला. "असू दे गं. शेवटचा थर आहे. बाई बिस्किटं घेऊन आल्या, मजुरी तर दिली पाहिजे."

"सळया नाहीत," मी म्हणाले.

"काय?"

"सळया नाहीत! वरच्या. कापल्यात आम्ही. फळ्यांखाली काही नाही, मिस्टर क्रॅस्क, काही नाही आहे तिथे!"

त्यांचा हात थांबला. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी डोळे तेवढे वर केले, आधी माझ्याकडे, मग डोक्यावरच्या उंच भिंतीकडे.

"दोन्ही?" अगदी हळू.

"दोन्ही."

त्यांनी थापी खाली ठेवली. फेकली नाही, ठेवली, आवाज होऊ नये अशी. हेटीच्या हातातली वीट काढून मातीवर टेकवली. "गवंडीणबाई," ते म्हणाले, चर्चमध्ये बोलतात तशा आवाजात, "चहाची सुट्टी. चला." काखेत हात घालून त्यांनी तिला वर उचललं. मी एका हाताने बार्नी कमरेवर धरला होता, दुसऱ्याने तिचा पायजमा जिथे मिळाला तिथे धरून ओढलं. ती माझ्या पायांशी आली. "तिला घेऊन जा," ते म्हणाले. "नाशपातीपलीकडे. धावू नकोस. जमीन हादरवू नकोस."

"तुम्ही?"

"मी येतोच आहे. माझा गुडघा मला विचारून येतो."

मी गेले नाही. मी हेटीला म्हणाले, "झाडापर्यंत चाल. मांजरासारखी." ती खरंच चवड्यांवर चालत गेली, बूट फतक फतक करत. मी हात खाली केला. त्यांनी तो पाहिला, क्षणभर घेतला नाही. मग घेतला. त्यांचा तळहात चुन्याने खरखरीत आणि गरम होता. एकदा पाय घसरला. भिंतीतून, आतून कुठूनतरी, दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि वरून पिठासारखी बारीक धूळ माझ्या हातावर पडली. बार्नीने ती पकडायला मूठ उघडली.

ते वर आले. आम्ही चाललो. वीस पावलं असतील. मी आजवर इतकी लांब वाट चालले नाही.

नाशपातीशी पोचून वळलो तेव्हा ती खाली आली. सगळी भिंत नाही. एक वीट. शेंड्याच्या वेलांटीतून सुटली, पावाएवढी, आणि सावकाश गिरकी घेत, निदान मला सावकाश वाटलं, सरळ खड्ड्यात गेली. पालथ्या बादलीवर. बादलीची कडी उडून गवतावर पडली आणि डोलत राहिली.

मग सगळं शांत. भिंत उभी होती. दोन्ही एस तिच्या छातीवर पदकांसारखे.

मिस्टर क्रॅस्कनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग फोन काढून शहरात कोणाला तरी सांगितलं की टेकू हवेत, मोठे, तीन, आणि आत्ता, आणि नाही, उद्या नाही.

माणसं साडेतीनला आली. त्यांनी तिरपे सोट भिंतीला लावले आणि बुडाशी पाचरी ठोकल्या. टोबीची गाडी चारला फाटकात थांबली. त्याने टेकू पाहिले, आम्हा तिघांना मोजल्यासारखं पाहिलं, इंजिन बंद केलं, आणि दोन्ही हात चाकावर ठेवून आतच बसून राहिला.

मी झाडाखाली घोंगडीवर होते. बार्नी एका मांडीवर, हेटी दुसरीवर. मिस्टर क्रॅस्क हत्यारं गोळा करून आले. बसले नाहीत.

"ऑक्टोबरात विचारलं होतं मी," ते म्हणाले.

"हो."

"आज परत."

"हो."

"पोरगी खाली उतरली नसती तर?"

त्यांनी पिशवीचा बंद आवळला.

"दोन दिवस चहा आणून दिलास तिथे. चांगला असायचा." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "कौन्सिलला तुम्ही सांगा. मी सोमवारपर्यंत थांबेन. त्यानंतर मी सांगेन. आणि त्याला गाडीतून उतरायला सांग, टेकूवाल्यांना पाणी हवंय."

ते गेले. जाताना हेटीला टपली मारायला त्यांचा हात उचलला गेला आणि मधेच खाली आला. दाराजवळ पंजाच्या विटेपाशी ते क्षणभर थांबले, अंगठ्याने तिच्या सांध्यातला चुना दाबून पाहिला, आणि फाटकातून बाहेर पडले. टोबीच्या गाडीकडे त्यांनी मान वळवली नाही.

हनुवटीवरच्या टाक्यांच्या वळाला बोट लावून हेटी भिंतीकडे पाहत होती. विचार करताना ती नेहमी तिथे बोट लावते.

"मम्मी, ती वीट माझ्या खोलीतली होती?"

"खोलीच्या वरची."

"माझी खोली थंड होती म्हणून तू मला खाली आणलंस ना?"

"हो, राणी."

"खूप थंड?"

"हो."

तिने ते मनात नीट लावून पाहिलं, वीट लावावी तसं. बार्नीचा उघडा पाय घोंगडीखाली सारला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तिला खरंच कळत नव्हतं.

"मग मिस्टर क्रॅस्कना का नाही सांगितलंस, तिथे खाली पण थंड आहे म्हणून?"